टाकीवरून दिलेला निरोप

ठरावसरांना साऱ्या जगात एकाच माणसाचा हेवा वाटायचा, आणि नशिबाची थट्टा अशी की तो माणूस त्यांचा साडू होता. बरं, साडू असावा तर लांब कुठेतरी असावा. सणासमारंभाला भेटला, बरंय का म्हणाला, गेला. हा त्यांच्याच शाळेत! आणि शाळेत त्याला चिकटवला कुणी? तर ठरावसरांनीच. बायकोनं महिनाभर डोकं खाल्लं तेव्हा.

आता हेवा करावा असं त्याच्याकडे होतं तरी काय, तुम्हीच सांगा. सर इतिहासाचे कायम शिक्षक, दोन पदव्या, शिक्षक संघटनेचे अकरा वर्षं सचिव. कुठल्याही भांडणाचा शेवट त्यांच्या हातच्या ठरावानं व्हायचा, म्हणून तर हे नाव पडलं. आणि साडू? प्रयोगशाळेतला हंगामी मदतनीस. परीक्षानळ्या धुवायच्या, पंखे पुसायचे, सांगतील ते करायचं. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पक्कड. पोरं त्याला पक्कडमामा म्हणायची. सर व्हरांड्यातून चालले की पोरं भिंतीला चिकटायची, आणि पक्कडमामा दिसला की त्याच्या अंगाला चिकटायची. एवढंच. पण हे एवढंच सरांना आत कुठेतरी रोज कुरतडायचं.

घरीही तेच. सासुरवाडीत सर 'थोरले' आणि तो 'धाकटे', पण थोरल्यांना पाट आणि धाकट्यांना गप्पा, असा सगळा प्रकार. शाळा उघडायच्या आदल्या रविवारी तर कहर झाला. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. सरांनी बाह्या सावरल्या, पाना घेतला आणि तीन तासांत गळणाऱ्या नळाचं कारंजं करून दाखवलं. शेवटी बायकोनं बहिणीकडे फोन केला. मेहुणीला घेऊन पक्कडमामा आला, वाकला, पाच मिनिटांत नळ गप्प. बायको हात पुसत म्हणाली, "बाई गं, आमच्या घरात एकच पुरुष, आणि तोही बहिणीचा!"

मुलगी हसली, मेहुणी हसली, पक्कडमामा लाजून खाली बघायला लागला. सरही हसले. न हसून सांगतात कुणाला? पण ते वाक्य काट्यासारखं घशात अडकलं ते अडकलंच.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. सत्राच्या पहिल्या दिवसाचा एक नियम शाळेत सगळ्यांना तोंडपाठ असतो. त्या दिवशी हजेरीपटावर सही नसेल, तर मागची सगळी सुट्टी गैरहजेरी धरतात. कायम माणसाची फक्त रजा बुडते. हंगामी माणसाची मात्र सलग नोकरी तुटते, आणि पक्कडमामाची त्या दिवशी तीन वर्षं सलग भरत होती. एक सही, की तो कायम. त्याच्या जागेवर संस्थेतल्या कुणाकुणाचे भाचे-पुतणे डोळा लावून बसले होते, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

हजेरीपटही दोन. शिक्षकांचा शिक्षक-खोलीत टेबलावर उघडा पडलेला असायचा, आणि कुणाला उशीर झाला तर कुणीतरी सांभाळून घ्यायचं. कर्मचाऱ्यांचा मात्र मुख्याध्यापकांच्या खणात, कुलपात. साहेब साडेनऊला यायचे, खण उघडायचे आणि दहाच्या ठोक्याला खाली लाल रेघ मारायचे. कुणी कामात अडकला असेल तर तसा निरोप पोचवायचा, की साहेब नावापुढे 'कामावर' असं लिहायचे. निरोप नाही, तर गैरहजर.

पक्कडमामा सकाळी सहालाच आला होता. प्रयोगशाळेच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत सुट्टीभराचा गाळ बसलेला, आणि साडेदहाला पोरं नळाला तोंड लावणार. मग कसली सही आणि कसलं काय! तो टाकीत उतरला.

पावणेदहाला ठरावसर अंगणातून चालले होते. नवा शर्ट, हातात खडूचा डबा. वरून हाक आली.

"सर! ओ सर!"

टाकीच्या झाकणातून पक्कडमामाचं डोकं आणि चिखलानं माखलेले दोन हात बाहेर आले होते.

"साहेबांना सांगाल का, मी टाकीत आहे म्हणून? सही राहिलीय. आत्ता सोडून उतरलो तर सगळा गाळ पाइपात जाईल."

"सांगतो," सर म्हणाले.

तेवढ्यात फाटकातून पोरींचा एक घोळका आला आणि टाकीकडे हात करून ओरडला, "पक्कडमामाऽऽ!" सर समोरच उभे होते, नव्या शर्टात. एकीनंही नमस्कार केला नाही.

सर मुख्याध्यापकांच्या दारापर्यंत गेले. साहेब फोनवर होते. सर उंबऱ्याशी थांबले, आणि थांबल्या जागी ते वाक्य पुन्हा घशात टोचलं. एकच पुरुष, तोही बहिणीचा. नळ दुरुस्त करतो ना? पोरांचा लाडका ना? मग खाऊ दे एकदा साहेबांची बोलणी. कळू दे, सही कशाला म्हणतात ते. नियम त्यांना पाठ होते, किती नुकसान होईल तेही पाठ होतं. पण मन मोठं लबाड असतं, त्यानं फक्त 'बोलणी' एवढंच म्हटलं. सर वळले आणि वर्गावर गेले.

दहाला रेघ पडली. सव्वादहाला पक्कडमामा ओलाचिंब उतरला, तेव्हा साहेबांनी पट त्याच्यापुढे फिरवून दाखवला. आठवडा संपायच्या आत त्याच्या हातात कागद पडला: सेवा खंडित, जागा रिकामी समजण्यात येत आहे.

मग सुरू झाली खरी गंमत. संघटना तशी शिक्षकांची. कर्मचाऱ्यांचं दुखणं तिनं कधी आपलं मानलं नव्हतं. पण यंदा अध्यक्षबाई नव्या होत्या. दुसऱ्या शाळेत गणित शिकवणाऱ्या, बोलायला तिखट. त्या म्हणाल्या, "आपण पाणी प्यायचं आणि टाकी धुणाऱ्यानं घरी बसायचं? सत्राची पहिली सभा याच विषयावर. सचिव, ठराव लिहा."

सचिव कोण? आपले ठरावसर!

घरी ही बातमी गेली आणि बायकोचा नूरच पालटला. न मागता चहा येऊ लागला. "माझ्या बहिणीचा संसार आता तुमच्या पेनावर आहे हो," ती म्हणाली आणि चक्क त्यांच्याकडे बघत बसली, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बघायची तसं. मेहुणी येऊन रडून गेली. जाताना म्हणाली, "भाऊजी, तुम्ही आहात म्हणून धीर आहे." इतकी वर्षं ज्या नजरेसाठी माणूस झुरला, ती मिळाली तर अशी मिळाली. चहा तसाच निवून जाऊ लागला. पक्कडमामा मात्र त्या निरोपाबद्दल अवाक्षर बोलला नाही. ना शाळेत, ना घरी, ना स्वतःच्या बायकोजवळ. सरांना वाटलं, एकदा शिव्या तरी घाल ना बाबा! शिव्या घातल्या असत्या तर बरोबरी झाली असती. गप्प राहून तो आणखी एक पायरी वर जाऊन बसला होता, आणि सर खालून जळत होते.

सभा अध्यक्षबाईंच्या शाळेत, चित्रकलेच्या वर्गात भरली. मोठी माणसं छोट्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली. सर इतिवृत्ताची वही उघडून अध्यक्षबाईंच्या डाव्या हाताला, पक्कडमामा मागे दारापाशी उभा. बसा म्हटलं तरी बसेना.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मुख्याध्यापकांशी बोलून आले. ते म्हणतात, दहाच्या आत हा माणूस कामावर होता आणि तसा निरोप त्यानं पाठवला होता, याची कायम शिक्षकाची लेखी साक्ष आणा. उद्या दुपारपर्यंत. नाहीतर जागा भरली जाईल." त्या पक्कडमामाकडे वळल्या. "कुणी पाहिलं होतं तुम्हाला? कुणाला सांगितलं होतंत?"

सरांचं पेन थांबलं.

पक्कडमामानं सगळ्या वर्गावरून नजर फिरवली. सरांवर ती क्षणभर थांबली आणि पुढे सरकली.

"टाकीत होतो, बाई. कुणी दिसलं नाही."

वर्गात कुजबुज झाली. आणि सरांच्या तोंडातून शब्द निघून गेले, "मी पाहिलं. पावणेदहाला. टाकीच्या झाकणातून डोकं बाहेर होतं. मी देतो साक्ष."

टाळ्या पडल्या. खऱ्याखुऱ्या, कडकडून! अकरा वर्षांत इतके ठराव वाचले, पण सरांसाठी अशा टाळ्या कधी पडल्या नव्हत्या. त्यांनी मान वर केली आणि बघतात तो काय, सगळ्यात जोरात टाळ्या दारापाशी वाजत होत्या. पक्कडमामा वाजवत होता.

"छान," अध्यक्षबाई म्हणाल्या. "अर्धं काम झालं. पण निरोपाचं काय? निरोप नसेल तर ते म्हणतील, न विचारता वर चढला होता."

"निरोप राहिलाच, बाई," पक्कडमामा म्हणाला. "माझीच चूक. जे होईल ते होईल."

"किती साधा माणूस!" पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "देवमाणूस आहे हो."

झालं! देवमाणूस! खोटं बोलतोय तो, धडधडीत खोटं, आणि देवमाणूस! नोकरी घालवेल पण माझं नाव घेणार नाही. म्हणजे नळही यानंच दुरुस्त करायचा, पोरंही याचीच, बायकोचं कौतुकही याचंच, आणि आता माझा गुन्हासुद्धा यानंच पोटात घालायचा? माझं म्हणून काही ठेवशील की नाही, लेका? गुन्हा तरी माझा आहे! सरांना सांगायची सद्बुद्धी झाली असं कुणी म्हणेल तर साफ खोटं. त्यांना इतका मोठेपणा त्या माणसाला फुकट घेऊ द्यायचा नव्हता, एवढंच.

ते उठले. बाक मागे सरकून करकरला.

"थांबा. इतिवृत्त अपुरं आहे. वाचतो." वहीत एक अक्षर लिहिलेलं नव्हतं, पण आवाज ठराव वाचायचा होता. "सदर कर्मचाऱ्यानं पावणेदहा वाजता निरोप दिला होता. तो सचिवांकडे दिला होता. सचिव मुख्याध्यापकांच्या दारापर्यंत गेले. सचिवांनी तो जाणूनबुजून सांगितला नाही. कारण, जळफळाट."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

"सर, हा शब्द इतिवृत्तात चालत नाही."

"दुसरा शब्द नाही, बाई. खूप शोधला."

त्यांनी बसून तेच सगळं कागदावर लिहिलं, खाली सही केली आणि वही मिटून बाईंच्या पुढ्यात सरकवली. ती वही पुन्हा त्यांच्याकडे आली नाही. नवा सचिव त्याच सभेत निवडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुख्याध्यापकांनी लाल रेघेच्या वर 'कामावर' असं लिहून सही केली. पक्कडमामा कायम झाला. सरांना साहेबांनी उभं करून जे सुनावलं ते पट्टेवाल्यानं ऐकलं, म्हणजे शाळेनं ऐकलं. घरी बायको चार दिवस बोलली नाही. चहा मिळायचा, पण कप असा आपटून की अर्धा बशीत. पाचव्या दिवशी म्हणाली, "मी नळाचं बोलले, ते वाक्य एवढं लागलं?" सरांनी बशीतला चहा परत कपात ओतला. ती मग भांडी घासत कितीतरी वेळ पाठमोरी उभी राहिली.

रविवारी पक्कडमामा आला. नळ पुन्हा ठिबकायला लागला होता, पण कुणी बोलावलं नव्हतं. सरळ स्वयंपाकघरात गेला, नळाखाली बसला आणि म्हणाला, "साडूसाहेब, या इकडे. पाना धरा. आज तुम्ही फिरवायचा."

"मला जमत नाही."

"उलटा फिरवता म्हणून जमत नाही. असा."

दोघं नळाखाली डोकं घालून बसले. जागा एवढीशी, खांद्याला खांदा घासत होता. सरांना राहवेना.

"माझं नाव का नाही घेतलंत? नोकरी गेली असती."

पक्कडमामानं नळाखालचं पाणी फडक्यानं पुसलं.

"टाकीवरून साहेबांचं दार समोरच दिसतं," तो म्हणाला. "तुम्ही गेलात, थांबलात, वळलात. सगळं दिसलं मला."

सरांचा हात पान्यावरच राहिला. "दिसलं? मग उतरला का नाहीत? पंधरा मिनिटं होती हातात!"

"होती की. गाळाचं एक होतंच. पण खरं सांगू? राग आला होता. तुमचा हजेरीपट टेबलावर उघडा, माझा कुलपात. तुम्हाला कुणाच्या हातापाया पडायला लागत नाही. तीन वर्षं बघतोय, जळतोच ना माणूस! म्हटलं, उतरणार नाही. बघू, हा माणूस परत येतो का."

"आणि सभेत?"

"सभेतही तेच बघत होतो."

"बायकापोरं आहेत हो तुम्हाला!" सर ओरडलेच. "एवढं सगळं माझ्या भरवशावर टाकलंत? आणि मी आलोच नसतो तर?"

"आलात की," पक्कडमामा म्हणाला. "आठ दिवस लागले, पण आलात. फिरवा आता, पाणी गळतंय."