नावं ठेवण्याचं इंग्रजी

भाविकाची नोकरी एका मुलाखतीवर अडली होती. काम घरबसल्या होतं. परदेशी गिऱ्हाइकं हॉटेलांबद्दल इंग्रजीत जे काही ओकतात ते वाचायचं आणि ठरवायचं, की कोणाची तक्रार खरी, कोण नुसतं खुसपट काढतंय आणि कोणाचा स्वभावच कुरकुऱ्या. जमलं, तर मोरिवलीच्या कारखान्यातलं दिवसभर उभ्याने करायचं पॅकिंग सुटणार होतं. शब्द तिला पाठ होते. पण क्रिटिसाइज, निटपिक, नॅग, कार्प यांतला फरक काही केल्या डोक्यात राहत नव्हता.

रविवारी दुपारी तिच्या सासूबाई, कमळाबाई, जेवायला बसल्या. ताट निरखून म्हणाल्या, "भात बरा झालाय. पन ह्या एक शीत करपलाय."

भाविका ताडकन उभी राहिली. "निटपिक! आई, हे निटपिक!"

"माना शिवी देतंस काय गो?"

"शिवी नाही हो! ढीगभर चांगल्यातनं एवढंसं वाईट शोधून काढायचं, त्याला इंग्रजीत खास शब्द आहे!"

कमळाबाईंनी घास परत ताटात ठेवला. हयातभर फुकट केलेल्या कामाची साहेबाच्या देशात कोणीतरी दखल घेतली होती. "आनि आजून कंचं कंचं हाय?"

तेव्हापासून घरात सणच. भाविकाचा नवरा धर्मेश पाळीवरून आला तेव्हा आईने त्याला "लाइटबिल भरलंस काय रं?" असं दारात विचारलं, बूट काढताना विचारलं, मग न्हाणीच्या बाहेर उभं राहून विचारलं.

"भरलं म्हटलं ना, आई!"

"ठाव हाय. तुझ्या बायकोला नॅग शिकवतेय."

मुलाखतीच्या दिवशी मात्र "आज मी तोंड उघडनार नाय" असं जाहीर करून त्या दाराशी पदर तोंडाला लावून बसल्या. लॅपटॉपवर संजीवनी नावाच्या मॅडम आल्या. इंग्रजीत सुरुवात झाली, बरी चालली, आणि प्रश्न आला: क्रिटिसाइज आणि कार्प यांतला फरक सांगा, उदाहरण देऊन.

भाविका दोन्ही शब्द नुसतीच पुटपुटली. तिने दाराकडे पाहिलं. कमळाबाईंना इंग्रजी काय कळणार, पण सुनेचा चेहरा कळला. त्या उठून थेट लॅपटॉपसमोर आल्या.

"ही बाय आंधारात का बसलीय? तोंड दिसत नाय. दिवा लाव म्हनाव."

पलीकडे दिवा लागला. मॅडम मराठी निघाल्या.

"क्रिटिसाइज!" भाविका ओरडलीच. "दोष खरा होता, दाखवला, सुधारला!"

"आता उजेड डोल्यांवर येतोय," कमळाबाई म्हणाल्या. "आनि मागचा परदा कसला त्यो. आनि बसलीय पन वाकरी."

"आणि हे कार्प, मॅडम! काहीही करा, संपतच नाही!"

मॅडम घाईघाईने सरळ बसल्या. हसू आवरत त्यांनी विचारलं, "सोमवारपासून याल?"

"सोमवारी?" कमळाबाई कडाडल्या. "सोमवारी आवस हाय! आवसंला कोन नवं काम धरतं?"

"थांबा, मी ओळखते," मॅडम पुढे सरसावल्या. "हे निटपिक!"

"नाही, मॅडम," भाविका म्हणाली. "आईंनी नावं सोमवारला ठेवली, नोकरीला नाही. हा होकार आहे."