निशिगंधाचं पाणी मोजणारं माप

मी एक जुनं लिटरचं माप आहे. अंग अॅल्युमिनियमचं, दांडा लांब, आणि कडेवर वजन-माप खात्याचा शिक्का. तो आता बोटाला लागतो, डोळ्यांना दिसत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी दूध पिशवीतून येतं, म्हणून माझ्यासारखं माप तुम्ही पाहिलंही नसेल.

कोल्हापुरात एका पत्र्याच्या कारखान्यात मला ठोकून घडवलं आणि मुरगूडच्या बयाबाईंनी विकत घेतलं. पंचवीस वर्षं मी त्यांच्या म्हशींचं दूध दारोदारी मोजलं. बयाबाई मला काठोकाठ भरायच्या आणि वर थोडं दूध ओतायच्या. “बयाबाईचं माप म्हंजे माप हाय,” असं गल्लीत लोक म्हणायचे. ते ऐकून मला फार अभिमान वाटायचा. पुढं गुडघ्यांनी त्यांना दगा दिला आणि रतीब घालायचं काम सुनेकडं आलं. तिचं नाव निशिगंधा. ती मोठ्यानं हसणारी होती, आणि तिच्या हाताला घाई होती.

चार वर्षांपूर्वी गोठ्याच्या छपरावर वैरण रचताना तिच्या पायाखालचा पत्रा तुटला. ती खाली दगडी गव्हाणीवर पडली. पाठीचा कणा मोडला. छातीपासून खालचं शरीर तिचं राहिलंच नाही म्हणा. तिथं ना हालचाल, ना जाणीव. लघवी लागलेली कळत नव्हती आणि आपोआप नीट होतही नव्हती.

कोल्हापूरच्या इस्पितळात अडीच महिने काढून ती व्हीलचेअरवर घरी आली. आठ दिवसांनी तिथल्या अनुजा सिस्टर तिला बघायला मुरगूडला आल्या. त्यांनी कोनाड्यातून मला उचललं आणि विचारलं, “हे लिटरचंच ना?”

“आमचा धंदाच मापाचा हाय की सिस्टर,” निशिगंधा म्हणाली. अपघातानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

“मग डॉक्टरांनी सांगितलंय तसं दिवसात हे दोन वेळा भरून पाणी प्यायचं. थोडं थोडं, दिवसभर. आणि दर चार तासांनी स्वच्छ हातानं नळी घालून लघवी पूर्ण काढायची. साठून राहिली की खाली गाळ बसतो, जंतू वाढतात आणि त्याचेच खडे होतात. दुसऱ्याला खडा झाला तर तो कळवळतो. तुला दुखणारच नाही. हे ध्यानात ठेव.”

तिनं ते ध्यानात ठेवलं. वर्षभर माझ्यात दुधाऐवजी पाणी होतं. सकाळी एक लिटर, दुपारनंतर एक लिटर. ती हात साबणानं धुवायची, दार लोटायची, आरसा धरून स्वतःच नळी घालायची आणि काम झालं की काढून ठेवायची. तिला एकदाही ताप आला नाही. मित्रांनो, पंचवीस वर्षं दूध मोजून वाटला नव्हता एवढा अभिमान मला त्या एका वर्षात वाटला.

मग नणंदेचं, स्वप्नालीचं, लग्न ठरलं. घरात पाहुण्यांची ये-जा सुरू झाली. निशिगंधाचा नवरा राजवीर मनानं वाईट नव्हता. तिला उचलून गाडीत ठेवताना तो कधी कुरकुरला नाही. पण त्याला लोकांची लाज होती.

“दर चार तासानं दार लावून बसतीस,” तो म्हणाला. “पावणं काय म्हनतील? लग्नापुरती आतच ऱ्हानारी नळी घालून घिऊया. लघवीची पिशवी साडीखाली दडती. आन् पानी जरा कमी पी.”

“सिस्टरनी नको म्हटलंय.”

“सिस्टर येनार हाय व्हय लग्नात?”

गावातल्या एका दवाखान्यात नळी बसवून आणली. लग्न झालं, स्वप्नाली सासरी इचलकरंजीला गेली, मांडव उतरला. नळी मात्र तशीच राहिली. सगळ्यांनाच ती सोयीची वाटली. ती दर महिन्याला बदलायची असते, असं चिठ्ठीवर लिहिलं होतं. ती चिठ्ठी कुठं गेली, ते कुणी शोधलं नाही. मलाही घरातून हलवलं आणि पेंड मोजायला गोठ्यात टाकलं.

गोठा आणि निशिगंधाची खोली यांच्यामध्ये एक खिडकी होती. तिथून मला सगळं दिसायचं.

पिशवी ओतायचं काम बयाबाईंकडं होतं. गुडघे धरून त्या वाकायच्या आणि म्हणायच्या, “परत भरली व्हय गं? आत्ता तर वतली.” त्या रागानं म्हणत नव्हत्या, थकून म्हणत होत्या. पण निशिगंधा ते ऐकून पाणी मागेनाशी झाली. जेवताना अर्धा पेला, गोळीबरोबर दोन घोट. बयाबाईंनी कुणाला कधी थेंबभर दूध कमी दिलं नव्हतं, आणि त्यांच्याच घरात सून तहानलेली राहून त्यांचे गुडघे वाचवत होती.

तीन महिन्यांत पिशवीतली लघवी गढूळ झाली. वास येऊ लागला. नळीला आतून रेतीसारखं काहीतरी चिकटलं. निशिगंधाला कपाळावर दरदरून घाम फुटायचा, डोकं ठणकायचं, पाय आपोआप झटके द्यायचे. मूत्राशयातल्या बिघाडाची तिच्या शरीराला देता येत होती ती खूण एवढीच.

“आत्ती, मला बरं वाटंना झालंय,” तिनं एकदा सासूला सांगितलं.

“दुखतंय का कुटं?”

“डोकं ठणकतंय. दुसरं कुटं दुखत न्हाय.”

“मग ऊन बादलं असंल. पड जरा.”

राजवीरनंही तेच विचारलं. त्यालाही तेच उत्तर मिळालं. तोही निश्चिंत झाला. मी खिडकीतून ओरडलो असतो, पण पेंडेनं भरलेल्या मापाला तोंड कुठलं!

सहाव्या महिन्यात एका दुपारी पिशवीत थेंबही उतरेना. नळी तुंबली होती. निशिगंधाचा चेहरा लालबुंद झाला आणि डोकं फुटतंय म्हणून ती किंचाळू लागली. शेजाऱ्याच्या जीपमधून तिला कोल्हापूरला नेलं. मूत्राशयात दोन खडे होते, त्यातला एक लिंबाएवढा. ते ऑपरेशन करून काढले. उजवी किडनी सुजलेली होती. डॉक्टर राजवीरला एवढंच म्हणाले, “नळी वेळेवर बदलली असती आणि पाणी पोटात गेलं असतं, तर बहुतेक हे टळलं असतं.”

निशिगंधाला घरी आणलं तेव्हा राजवीरनं खडाही बाटलीत घालून आणला. तो बघायला गल्ली लोटली. कुणी बाटली हातात घेऊन हलवली, कुणी उजेडात धरली. शेजारच्या अंबूबाई म्हणाल्या, “आगं बया, केवढा गं हा! आन् तुला कळलं कसं न्हाय?”

निशिगंधा हातांवर जोर देऊन खाटेवर उठून बसली.

“मला कळनारच न्हवतं, काकू. ज्यांना दिसत हुतं त्यास्नी कळाय पायजे हुतं,” ती म्हणाली. “सा म्हयनं मी तहानलेली हुतो. ‘पानी पी’ म्हनाय एक मानूस ह्या दारात आलं न्हाय. आज खडा बगाय समदी आलायसा. बगून झाला असंल तर जावा आता.”

एकेक जण चपला शोधू लागला. राजवीर भिंतीकडं बघत उभा राहिला. बयाबाई उठून गोठ्यात आल्या. माझ्यातली पेंड त्यांनी ओतून टाकली, मला राखेनं तीनतीनदा घासलं, पाणी भरून निशिगंधासमोर धरलं. दूध भरायच्या तसंच, काठोकाठ. निशिगंधा पाणी प्यायली. पण ती सासूशी बोलली नाही, आणि पुढं बरेच दिवस बोलली नाही.

आता ती पूर्वीसारखी स्वतःच नळी घालते आणि काढते. पाहुणे असले तरी तिचं दार चार तासांनी लागतं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते, तिची तारीख राजवीरच्या मोबाइलवर वाजते. तो एकही तारीख चुकवत नाही. आता.

मित्रांनो, तुमच्या घरी, शेजारी असं कणा दुखावलेलं माणूस असेल, तर ‘दुखतंय का’ विचारून समाधान मानू नका. ‘दुखत नाही’ हे उत्तर खरंच असतं आणि तेच फसवतं. आज पाणी किती झालं? लघवी गढूळ आहे का? नळी कधी बदलली? हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. मुरगूडच्या या घरात सहा महिने ते कुणी विचारलं नाही. निशिगंधाची उजवी किडनी पुन्हा कधी चालली नाही.