रेघेवर न बसणारे ठिपके

सुचेताने दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला टेकवले. खालच्या कागदावर कॉम्प्युटरने काढलेली रेघ होती. सिद्धान्त खरा असेल तर टक्कर झाल्यावर किती कण कुठल्या दिशेला उडावेत, याचं ते सिम्युलेशन. वरच्या कागदावर ठिपके होते. युरोपातल्या कोलायडर यंत्रात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन खरोखर आदळले, तेव्हा मोजलं गेलं ते. ठिपके रेघेवर अचूक बसत होते, फक्त उजव्या टोकाचे सहा तेवढे वर तरंगत होते. तीन महिने ते तसेच होते.

ते ब्याण्णव साल. सुचेता मुंबईच्या एका संस्थेत पीएच.डी. करत होती आणि सुट्टीला नारपोलीच्या घरी येताना प्रिंटआउटचा गठ्ठा घेऊन येत असे. त्या रविवारी तिचे गाइड डॉ. पोतनीस जवळच्या अंजूरला जमीन बघायला आले होते. जाता जाता ते घरी डोकावले, आणि तिच्या वडिलांनी, अण्णांनी, त्यांना आग्रहाने जेवायला बसवलं.

जेवता जेवताच सरांनी आलेख मागितला आणि उजव्या टोकावर रश्श्याने भरलेलं बोट ठेवलं. प्रोग्रॅममधले तीन आकडे जरासे हलव, म्हणाले. सुचेताने सांगितलं की आकडे हलवायला हरकत नाही, पण मग तसं लिहावं लागेल, आणि न वापरलेल्या मोजमापांवर ते पुन्हा पडताळून पाहावे लागतील.

“ठिपके काही हलत नाहीत, सुचेता. हलवायची ती रेघच,” सर म्हणाले आणि अण्णांकडे बघून हसले. अण्णाही हसले.

सर गेल्यावर तिने तो कागद चिमटीत धरून मोरीपाशी नेला. मग पुन्हा नवा छापता येईल हे आठवूनही तो फेकला नाही. हात मात्र दोनदा धुतले.

दिवाळीनंतर शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव तिचंच होतं. रेघ सहाही ठिपक्यांमधून अलगद गेली होती, आणि खाली एक वाक्य होतं: मोजमापं पाहिल्यानंतर सिम्युलेशनमधला एकही आकडा बदललेला नाही. ते तिने लिहिलं नव्हतं. तिने सरांना विचारलं, तर ते म्हणाले की तुझं नाव पहिलं घातलं, तरी तुझं तोंड वाकडंच. त्यांनी पुढे केलेला चहा तिला गिळवेना. त्यानंतर त्यांचा आवाज संस्थेच्या व्हरांड्यात आला की ती मागच्या जिन्याने निघून जायची.

फेब्रुवारीत युरोपातल्या त्या कोलायडरच्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. निबंधातला मेळ त्यांना फार आवडला होता. दोन वर्षांची जागा देऊ केली होती. अण्णांनी आळीभर पेढे वाटले. सुचेताने दार लावून घेतलं आणि उत्तर लिहिलं: ते वाक्य खोटं आहे, रेघ माझ्या गाइडनी मागाहून बसवलेली आहे, हे कळल्यावरही मी हवी असेन तर कळवावं. पाकीट तिने अण्णांकडे दिलं. ते रोज सकाळी पोस्टाच्या बाजूला फिरायला जात.

“नीट विचार केलास ना?” एवढंच त्यांनी विचारलं.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. तुम्ही जागा स्वीकारल्याचं वाचून आनंद झाला, एक सप्टेंबरला रुजू व्हा. खोट्या वाक्याबद्दल एक अक्षर नव्हतं. तिने ते दोनदा वाचलं आणि माजघरात आली. कोर्टातून टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेले अण्णा कुणाचा तरी अर्ज टाइप करत होते. त्यांनी कागदावरून डोळे उचलले नाहीत.

“तुझं पत्र मी वाचलं. मग पोस्टात टाकवेना,” ते म्हणाले. “दुसरं टाइप केलं.”

“आणि सही?”

“तुझ्यासारखीच केली.”

सुचेताने हातातलं उत्तर टाइपरायटरशेजारी ठेवलं. अण्णा उठले, कपाटातून फाइल काढली आणि तिचं मूळ पत्र तिच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते फाडलं नव्हतं. वर पेन्सिलने तारीखही घातली होती.

“आता काय ते तू ठरव,” ते म्हणाले. “त्यांना सांग, बापाने केलं.”

ती पत्र घेऊन खोलीत गेली. सरांविषयी लिहिलेला प्रत्येक शब्द तिने पुन्हा तपासला. एकही बदलावासा वाटला नाही. मग खाली उरलेल्या जागेत तिने आणखी दोन ओळी लिहिल्या. आधीचं स्वीकृतीचं पत्र मीच घाईत पाठवलं होतं, ते रद्द समजावं.

शाई वाळेपर्यंत ती त्या ओळींकडे बघत राहिली. या पत्रातही आता एक खोटं वाक्य होतं, आणि ते तिने लिहिलं होतं. बाहेर टाइपरायटरचा आवाज थांबलेला होता. तिने पाकिटाची कड जिभेवरून फिरवली, चिकटवली, आणि चपला घालून स्वतःच पोस्टाकडे निघाली.