माझ्या पोटातला गणपती

मी कपडे धुण्याचं यंत्र बोलतोय. हसू नका, माझ्यावर काय गुदरलंय ते आधी ऐका.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. अठ्ठेचाळीस साली माझा गोरा साहेब बायको, कुत्रा आणि पियानो घेऊन मायदेशी गेला, मला तेवढं विसरला. लिलावात मला ठाण्याच्या गोपीनाथरावांनी घेतलं. हे मिठागरवाले. मी लोणी काढायचं यंत्र आहे अशी त्यांची समजूत होती. खरं कळल्यावर त्यांचं तोंड उतरलं आणि त्यांच्या बायकोचं, सगुणाचं, उजळलं. मिठागरावरचे खारट कपडे तळ्यावर आपटून तिच्या हातांना भेगा पडल्या होत्या. पहिल्या धुण्याला ती हात पदरात घेऊन नुसती माझ्याकडे बघत बसली. त्या दिवसापासून मी तिचा झालो.

सासूबाई सखुबाईंना मी फारसा पसंत नव्हतो. पण राबतो त्याची खंडेनवमीला पूजा झालीच पाहिजे, असा त्यांचा खाक्या. त्यांनी मला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, काठावर विडा मांडून सुपारीचा गणपती बसवला आणि झाकण उघडून पोटातही अक्षता टाकल्या.

दसरा झाल्यावर पहिल्याच धुण्याला मी नुसता गुरगुरलो. पोटातला पंखा जागचा हलेना. गोपीनाथरावांनी दोन लाथा घातल्या. त्यांचा मुकादम धाकू याने माझी दृष्ट काढली आणि ओवाळलेलं मीठ माझ्यातच टाकलं. शेजारचे उत्तमराव मॅट्रिक झालेले, त्यांनी दारातूनच विजेला दोष दिला. शेवटी गोपीनाथरावांनी जाहीर केलं की शनिवारपर्यंत सुरू झालं नाही तर हे धूड भंगारात जाईल. सगुणाने धुण्याचं बोचकं उचललं आणि ती तळ्याची वाट चालू लागली. मला भडभडून आलं.

शनिवारी कल्याणहून परशुराम आला. तो मुळात पिठाच्या गिरण्या दुरुस्त करणारा. त्याने पान्याने पंखा सैल केला, जरासा उचलला आणि बॅटरी मारून खाली पाहिलं.

"सुपारी अडकलीय," असं म्हणून त्याने पकड आत घातली.

"थांब रे," सखुबाई म्हणाल्या. "तो गणपती हाय. त्याचं इसर्जन नाय झालं अजून."

नवमीपासून त्या तो देव शोधत होत्या, पण देव हरवला हे सांगणार कोणाला! मग काय, परशुरामाचा हात माझ्या पोटात, पकडीत गणपती, आणि घरभर आरती. तीही अख्खी. परशुरामाला टाळ्या वाजवता येईनात, म्हणून तो मान हलवत राहिला.

देव बाहेर आला, पंखा बसला, बटण दाबलं आणि मी असा घुसळायला लागलो की सगुणा खुदकन हसली. तेवढ्यात सखुबाईंचं मन भरून आलं. त्यांनी माझ्यात मूठभर अक्षता टाकल्या आणि म्हणाल्या, "देवा, पुढल्या वर्षी पण असाच ये."

याला आता सहा वर्षं झाली. माझा रंग उडालाय, एक पाय लंगडतोय. तुमच्याकडे माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याची पूजा जरूर करा, फक्त झाकण लावून करा. आमच्याकडे खंडेनवमीला आरती संपेपर्यंत सगुणा माझ्या झाकणावर दोन्ही हात दाबून उभी असते. त्या हातांना आता एकही भेग नाही.