यादीतला नववा

मी बोलतोय. इथे, कॉरिडॉरमध्ये, झेरॉक्स मशीनच्या शेजारी फुलाफुलांची चादर पांघरून बसलोय तो. माझ्या डोक्यावर कुणीतरी कॉफीचं भांडं ठेवलंय. एके काळी माझ्या दोन हातांच्या आत कॉफी आणायला बंदी होती. असो.

माझा जन्म कॅनडातला, बर्फाच्या गावातला. तिथून लाकडी पेटीतून बोटीनं मी होंडुरासला, ला सेइबा बंदरात आलो. पेटीवर 'नाजूक' असं लिहिलेलं होतं, म्हणून हमालांनी मला दात तपासायचं यंत्र समजून एका दवाखान्यात पोचवलं. तिथल्या डॉक्टरांनी दोन दिवस माझ्यात तोंड कुठे घालायचं ते शोधलं. तिसऱ्या दिवशी चूक कळली आणि मी माझ्या खऱ्या घरी, या प्रयोगशाळेत आलो. फीत कापली गेली. भाषण करणारे साहेब म्हणाले, "हे यंत्र कधीच चुकत नाही." मी असं कुणाला सांगितलं नव्हतं.

माझं काम तसं सोपं. पिस्तुलातून गोळी सुटली की पितळेची रिकामी पुंगळी खाली पडते. तिच्या बुडावर पिस्तुलाच्या सुईचा ठोसा बसलेला असतो, तिच्यामागे टेकलेल्या पोलादाचे ओरखडे उमटलेले असतात. गोळीच्या अंगावरही नळीतल्या रेघा येतात. दर पिस्तुलाचं हे हस्ताक्षर निराळं. माझ्या भिंगाखाली पुंगळी ठेवली की मी तिचा फोटो घेतो, पोटातल्या हजारो फोटोंशी ताडून बघतो आणि एक यादी देतो. सर्वांत सारखी दिसणारी पहिली, मग दुसरी, मग तिसरी. गावात नाही का काही माणसं असतात, नव्या पाहुण्याकडे बघून म्हणणारी, "हा अमक्याचा भाऊ दिसतोय, नाहीतर तमक्याचा मेहुणा"? मी तसलाच.

म्हणूनच दोन्या एल्वियांनी (दोन्या म्हणजे इथलं 'बाई') माझं नाव चहाडखोर ठेवलं.

एल्विया नोरालेस शेजारच्या कोरोसाल गावच्या. अंगानं भरभक्कम, आवाज त्याहून भरभक्कम, केसांना रोज वेगळ्या रंगाचा रुमाल. तेवीस वर्षं त्या पुंगळ्या आणि गोळ्या बघत होत्या. मी यायच्या आधीपासून. सकाळी आल्या की माझी काच पुसत आणि विचारत, "काय रे चहाडखोरा, आज कुणावर आळ घेणार?" मी यादी दिली की ती घेऊन त्या आपल्या सूक्ष्मदर्शकाकडे जात. त्यात दोन पुंगळ्या शेजारी शेजारी दिसतात. तिथे तासन् तास डोळा लावून बसत आणि मगच काय ते लिहीत. "तू सुचवतोस," त्या मला म्हणत, "सही मी करते. तुला सही येत नाही."

भाषा शिकताना माझी बरीच फजिती झाली. पहिल्याच आठवड्यात एल्विया फोनवर म्हणाल्या, "आज तीन बालेआदा झाल्या, आता जेवण नको." बालेआदा म्हणजे गोळी लागलेली. मी दिवसभर तीन पुंगळ्यांची वाट बघत बसलो. संध्याकाळी कळलं की गव्हाच्या जाड पोळीत वाटलेला राजमा आणि चीज घालून दुमडतात, तिला इथे बालेआदा म्हणतात. गोळीचं नाव नाश्त्याला देणाऱ्या गावात आपलं कसं निभणार, असं वाटलं. पण निभलं. अकरा वर्षं निभलं.

आता त्या प्रकरणाकडे येतो. सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

मे महिना होता. गावच्या संताची, सान इसिद्रोची जत्रा तोंडावर आलेली, गावभर पताका. एल्विया गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. त्यांच्या जागी वॉल्तेर पिनेदा होते. माणूस सज्जन, फक्त कुणाला 'नाही' म्हणायचं झालं की त्यांच्या पोटात दुखायला लागायचं. तशात एका सकाळी मासळी बाजारात एका दलालाच्या मांडीत गोळी घुसली. दलाल वाचला, मारणारा पळाला, मागे राहिली एक पुंगळी. वॉल्तेरनी ती माझ्यासमोर ठेवली. मी यादी दिली. वीस नंबर होते तिच्यात. पहिला नंबर होता एका पहारेकरी कंपनीच्या पिस्तुलाचा.

सरकारी वकील दारियो फुनेस दारातच उभे होते.

"मिळालं?"

"यादी मिळाली, साहेब. पण एल्विया आल्या की सूक्ष्मदर्शकाखाली..."

"पहिलं कोण आहे?"

"पहिलं... हे. पण साहेब, ही नुसती..."

"जत्रेच्या आधी मला हे मिटवायचंय, वॉल्तेर. मशीन सांगतंय ना? मग तू कशाला मध्ये पडतोस?"

आणि कागद गेला. मी काय करणार? माझ्याकडे एकच आवाज आहे, तोही वीज गेली की निघणारा. नेमकी त्या दिवशी वीज गेली नाही.

ते पिस्तूल हेर्सोन मुन्गिया नावाच्या माणसाकडे होतं. वय एक्केचाळीस, लोखंडी सामानाच्या दुकानाबाहेर पहाऱ्याला. त्या सकाळी आपण दुकानाच्या दारातच होतो, असं तो सांगत राहिला. पण दुकान तेव्हा उघडलेलं नव्हतं, त्याला बघणारं कुणी नव्हतं. त्याला आत टाकलं. पेपरात आलं, 'यंत्रानं गुन्हेगार पकडला.' माझा फोटोही छापला होता. खरं तर तो झेरॉक्स मशीनचा होता.

चौथ्या दिवशी आमच्या फाटकासमोर धूर दिसू लागला. खिडकीतून मला सगळं दिसायचं. एक किडकिडीत म्हातारी चूल मांडून पोळ्या भाजत होती. ती हेर्सोनची आई, दोन्या दोमितिला. बाजारातली बारा वर्षांची जागा सोडून ती इथे येऊन बसली होती.

फाटकावरचा शिपाई म्हणाला, "दोन्या, इथे विकायला परवानगी नाही."

"मी कुठे विकतेय? मी वाट बघतेय. वाट बघताना लोकांना भूक लागते, त्याला मी काय करू?"

"कसली वाट?"

"ज्या घरातून तो कागद निघाला, त्या घरातून दुसरा कागद निघेल त्याची."

शिपायानं थोडा विचार केला आणि एक बालेआदा घेतली. आठवडाभरात अर्धी प्रयोगशाळा तिथे खायला लागली. वॉल्तेर तेवढे मागच्या दारानं ये-जा करत.

महिन्यानं एल्विया काठी टेकत परत आल्या. फाटकाशीच दोघींची गाठ पडली.

"दोन्या दोमितिला, तुमच्या चुलीचा धूर माझ्या मशीनच्या डोळ्यात जातो."

"जाऊ दे की. डोळा चोळला तर नीट दिसेल त्याला."

एल्विया हसल्या नाहीत. "काय झालं ते सगळं सांगा," म्हणाल्या, आणि काठी बाजूला ठेवून तिथल्याच ओट्यावर बसल्या. म्हातारी बोलत होती आणि पोळ्या करपत होत्या. दोघींचंही तिकडे लक्ष नव्हतं.

त्या दिवशी एल्वियांनी माझी काच पुसली नाही. "काय चहाड्या करून ठेवल्यास?" एवढंच म्हणाल्या. जप्त केलेलं हेर्सोनचं पिस्तूल त्यांनी मागवलं, पाण्याच्या टाकीत तीन गोळ्या झाडल्या आणि पुंगळ्या घेऊन सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या. जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी त्यांनी वॉल्तेरना बोलावलं.

"बघ. काय दिसतं?"

"ओरखडे जुळतात," वॉल्तेर चाचरत म्हणाले.

"जुळणारच. त्या कंपनीनं वीस पिस्तुलं एका खेपेत घेतली. एकाच अवजारानं कापलेलं पोलाद. हे ओरखडे सगळ्या भावंडांच्या अंगावर आहेत. आता सुईचा ठोसा बघ."

वॉल्तेर बराच वेळ बघत राहिले. "बाजारातल्या पुंगळीत कडेला एक खाच आहे. यात नाही. तिन्हीत नाही."

"मग?"

"हे ते पिस्तूल नव्हे," वॉल्तेर म्हणाले आणि तिथल्या स्टुलावर बसले.

मी तर बसलेलोच होतो. ओरखड्यांना भुलून मी पोलादाची सगळी भावंडं एका रांगेत उभी केली होती आणि सर्वांत निरपराध पोराला पुढे ढकललं होतं.

एल्वियांनी माझी यादी पुन्हा उघडली. दर पिस्तुलाच्या नोंदणीची नमुना पुंगळी आमच्या कोठीत पाकिटात ठेवलेली असते. दुसऱ्या नंबरचं पाकीट काढलं. नाही. तिसरं. नाही. दोन दिवस त्या दोघांनी तेवढंच केलं. एल्वियांचा गुडघा सुजला, तर वॉल्तेरनी पाय ठेवायला माझी रिकामी खोकी आणून दिली. आठवं पाकीट, नाही. नवव्या पाकिटातली पुंगळी शेजारी ठेवली आणि एल्विया नुसत्या बाजूला सरकल्या. वॉल्तेरनी बघितलं. कडेची ती खाच, तशीच, त्याच जागी.

नववं पिस्तूल त्याच कंपनीचं. ते नदीत पडून हरवल्याचं तिथल्या पर्यवेक्षकानं दोन वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं.

आणि मी त्याला नववा का ठेवला होता? नोंदणीच्या दिवशी ती वीसही पिस्तुलं एकदम आली होती, वीज जात-येत होती, ती पुंगळी माझ्यासमोर तिरकी बसली होती आणि उजेड अंधुक होता. वाईट फोटो माझ्या पोटात गेला. वाईट फोटोवरून मी वाईट ताडलं. एल्वियांनी ती पुंगळी सरळ बसवून नवा फोटो घेतला, तेव्हा ती नवव्यावरून थेट पहिल्यावर आली.

"आता सुचलं होय तुला?" एल्विया मला म्हणाल्या. पण काच मात्र पुसली.

वकील फुनेस आले ते तणतणतच. "मशीननं ज्याला नववा ठेवला, तोच खरा म्हणता? मी न्यायाधीशांना काय सांगू?"

"सांगा की मशीननं वीस नंबर दिले होते आणि आपण एकच वाचला."

"आपण?"

"मी रजेवर होते, साहेब. तरी मी 'आपण' म्हणतेय. तुम्हीही म्हणा."

फुनेस सूक्ष्मदर्शकापाशी गेले, चष्मा काढला आणि पहिल्यांदाच स्वतः आत डोकावले. मग फाटकाबाहेर जाऊन त्यांनी म्हातारीला काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही. तिनं हातातलं उलथणं खाली ठेवलेलं तेवढं दिसलं. ते पिस्तूल पुढे पर्यवेक्षकाच्या सासुरवाडीत, मक्याच्या कणगीत सापडलं.

हेर्सोन एकसष्ट दिवसांनी सुटला. आई त्याला घेऊन आत आली. तिला मला बघायचं होतं.

बराच वेळ बघून ती म्हणाली, "एवढंच? मला वाटलं चांगलं मोठं असेल."

हेर्सोन तिच्या मागे उभा होता. तुरुंगात तो इतका वाळला होता, की शर्ट उसना घेतल्यासारखा दिसत होता. शेवटी त्यानं विचारलं, "याच्यात माझं नाव अजून आहे का?"

"तुझं नाव कधीच नव्हतं," एल्विया म्हणाल्या. "पिस्तुलाचा नंबर होता. नाव माणसांनी घातलं."

"कंपनी म्हणतेय, परत ये. पिस्तूलही परत देतायत."

"मग?"

"नको. आईच्या चुलीजवळ बरं वाटतं. तिथे गर्दी असते. मी कुठे होतो ते चार माणसं सांगू शकतात."

मला घाम येत नाही, नाहीतर त्या वेळी आला असता.

याला चार वर्षं झाली. आता आत नवं यंत्र आलंय. ते ओरखड्याची खोलीसुद्धा मोजतं. माझ्या पोटातले सगळे फोटो त्याला देऊन टाकले. त्या तिरक्या फोटोची आठवण तेवढी माझ्यापाशी राहिली. एल्विया निवृत्त झाल्या. सूक्ष्मदर्शकाशी आता वॉल्तेर असतात, आणि उद्या मला कोठीत हलवणार आहेत.

तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. माझ्यासारख्यांनी सांगितलेलं जरूर ऐका, पण आमच्या भरवशावर कुणाला घरातून उचलून नेऊ नका. आम्हाला सारखेपणा कळतो. माणूस कळत नाही.

आज सकाळचीच गोष्ट. नव्या यंत्रानं यादी दिली. एक पोलीस अधिकारी घाईघाईनं आला आणि कागदाकडे हात केला.

"पहिलं कोण आहे तेवढं सांगा, वॉल्तेर. बाहेर गाडी चालू ठेवलीय."

वॉल्तेरनी कागद टेबलावर पालथा घातला.

"नाही, साहेब. गाडी बंद करून या. मला अजून बघायचंय."

अधिकारी कुरकुरला, घड्याळ बघितलं आणि गाडी बंद करायला गेला.