तीन ठोके आणि एक चहाचा डाग

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, डाव्या कोपऱ्यात भोक पाडून सुतळी ओवलेली. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना गळा काढतात, असं मी ऐकून आहे. मी गळा काढणार नाही. माझ्या मनात एका माणसाविषयी राग आहे, आणि तो मी कसा काढला तेवढं मी तुम्हांला सांगणार आहे.

कागदाच्या गिरणीत माझा जन्म झाला. ओळी आखणाऱ्या यंत्राखालून मी निघाले, शिवले गेले, कापले गेले. बहुतेक वह्या शाळेत जातात आणि वर्षभरात संपतात. मला मात्र रेकॉर्ड विकणाऱ्या ताईंनी नेलं.

ताईंचं दुकान लांबट आणि अरुंद होतं. दोन्ही भिंतींना रेकॉर्डचे खण, मधे एकच माणूस जाईल एवढी वाट, मागे रेकॉर्ड पुसायची खोली. येणारे सगळे गाण्याचे वेडे. पण गाण्यावर बोलायला लागले की त्यांची हमखास भांडणं व्हायची. एकदा एका गायकाचा आवाज नाकातून येतो की नाही यावरून दोघांनी वर्षभर अबोला धरला. म्हणून मंडळी सिनेमावर बोलत. सिनेमातलं त्यांना फारसं कळत नव्हतं, त्यामुळे कुणाला राग येत नसे. पण बोलण्याच्या नादात समोर लावलेली रेकॉर्ड कुणी ऐकेना. शेवटी ताईंनी दाराजवळच्या खिळ्याला मला सुतळीने बांधलं, खाली लिहायला एक फळी ठोकली आणि म्हणाल्या, "बोलू नका, लिहा."

पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात तीन नियम आहेत. सिनेमा बघून आल्यावरच लिहावं. शेवट कसा होतो ते सांगू नये. खाली नाव लिहू नये, आपली खूण काढावी. नाव नसलं की मत बदलायला माणूस लाजत नाही, असं ताईंचं म्हणणं.

बसचालक होते, ते भोंगा काढायचे. त्यांची शिफारस ठरलेली असे. "रडायला आलं. दोनदा. बघाच." दातांच्या डॉक्टरीणबाई ड्रम काढायच्या. त्यांनी एकदा लिहिलं होतं, "नायक फार बोलतो. तोंडात कापूस घालावासा वाटला." लोक रेकॉर्ड घ्यायला येत आणि आधी मला उघडत. रविवारी सकाळी तर माझ्यापुढे रांग लागे. मला फार बरं वाटायचं. लपवून काय करू?

पण माझा जीव होता तो सूरकाकांवर. घरोघरी आणि शाळांमधून पियानो लावून देणं हा त्यांचा धंदा. सिनेमाला गेले की ते डोळे मिटून बसत. चित्र बघितलं की ऐकण्यात गडबड होते म्हणे. मग बुधवारी, दुकानात कुणी नसताना, ताई मागच्या खोलीत रेकॉर्ड पुसत असताना ते येत आणि टोकदार पेन्सिलीने लिहीत. खाली नादकाटा काढत, सूर लावताना वाजवतात तो, दोन शिंगांचा. त्यांचं एक मत मला अजून पाठ आहे. "आई रागावते तेव्हा संगीत थांबतं आणि नुसती भांडी वाजतात. हे संगीत करणाऱ्याच्या घरी आई रागावत असणार." इतकं साधं. पण ते वाचून चार माणसं तिकिटं काढायला गेली.

आणि मग मफलर आले.

त्यांचं खरं नाव पेपरात छापून येत असे, पण दुकानात त्यांना सगळे मफलरच म्हणत, कारण उकाडा असो वा गारठा, गळ्यातली ती लोकर निघत नसे. रविवारच्या पुरवणीत ते सिनेमावर सदर लिहीत. ते दर गुरुवारी दुपारी येत, शेजारच्या टपरीवरचा चहा हातात घेऊन. मला उघडत, कप माझ्याच अंगावर ठेवत, बोटाला थुंकी लावून पानं उलटत आणि खिशातल्या डायरीत भराभर काहीतरी टिपत. मला वाटलं, एवढा मोठा लेखक आपल्याला वाचतो. मी फुशारून गेले. कपाचे चटके सोसले. थुंकीसुद्धा सोसली. माझ्यासारखी खुळी मीच.

एका रविवारी डॉक्टरीणबाईंनी दुकानात पुरवणी उघडली आणि मोठ्याने वाचली. आई रागावते, संगीत थांबतं, भांडी वाजतात. शब्दाला शब्द. वर मफलरांचा फोटो, हनुवटीखाली मूठ ठेवलेला.

आता नीट लक्ष द्या. सूरकाका लिहीत बुधवारी. मफलर ते उतरवून घेत गुरुवारी. छापून येई रविवारी. आणि मंडळी मला वाचत तीही रविवारी, पेपर वाचून झाल्यावर. माझ्या पानावर तारीख घालायचा नियम ताईंना सुचला नव्हता. तेव्हा सगळ्यांना काय दिसलं? नादकाट्याची खूण करणारा माणूस पेपरातलं चोरून वहीत लिहितो, असंच दिसलं.

पुढच्या वेळी सूरकाका आले तेव्हा बसचालकांनी हसतहसत विचारलं, "काय काका, हल्ली पेपरातलं उतरवता काय?"

काकांनी पुरवणी बघितली. वाचली. घडी घालून परत ठेवली. माझं मी लिहिलंय हे ओरडून सांगायची त्यांना लाज वाटली. आणि लाज वाटायला हवी होती दुसऱ्यालाच. चाळीस वर्षं लोकांच्या घरचे सूर जुळवणाऱ्या माणसाला त्याच्याच ओळीचा चोर ठरवलं, आणि मी जवळच खिळ्याला लटकत होते. मला तोंड नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मी डूख धरला.

तीन आठवडे काकांनी मला हात लावला नाही. मफलरांचं सदर लगेच पातळ झालं. एका रविवारी तर त्यांनी थिएटरच्या खुर्च्यांवरच अर्धा रकाना भरला. गुरुवारी ते यायचे, माझी पानं चाळायचे, नादकाटा सापडला नाही की चुकचुकायचे. मला ते चुकचुकणं गोड लागे.

मग तो दीपगृहाचा सिनेमा लागला. बाप समुद्रात दुरुस्तीला जातो आणि लेक दिव्यापाशी वाट बघते, एवढीच गोष्ट. काकांनी तो गल्लीतल्या जुन्या थिएटरात बघितला, भिंतीकडच्या खुर्चीत, डोळे मिटून. मंगळवारी ते तडक माझ्याकडे आले. त्यांना राहवलंच नाही. उजव्या हाताच्या कोऱ्या पानावर त्यांनी लिहिलं, "लेक वाट बघते तिथे सगळे आवाज बंद होतात. मग फार लांबून लोखंडावर तीन ठोके पडतात. बाप दिसत नाही, पण त्याचं काम ऐकू येतं. असं धाडस मी आजवर ऐकलं नव्हतं. जरूर जा." खाली नादकाटा.

बुधवारी ते परत तोच सिनेमा बघायला गेले. गाण्याचे वेडे आवडलेली जागा पुन्हा ऐकतात, तशी त्यांना ते ठोके पुन्हा ऐकायची ओढ होती. ती जागा झाल्यावर अर्ध्यातूनच उठून ते माझ्यापाशी आले ते कान लाल करून. पान उलटून त्यांनी मागच्या बाजूला घाईने लिहिलं, "ते ठोके सिनेमातले नाहीत. थिएटरमागे गॅरेज आहे. आज सात ठोके पडले आणि मिस्त्रीने पाना मागितल्याचंही ऐकू आलं. माझी चूक झाली. यावर विसंबून कुणी जाऊ नये." पुन्हा नादकाटा, या वेळी जरा वाकडा.

गुरुवारी मफलर आले. मंगळवारचं पान उघडलं आणि त्यांचे डोळे चमकले. कप नेहमीप्रमाणे माझ्या अंगावर ठेवला आणि डायरी काढताना कोपराने तो आडवा केला. दोन चमचे साखरेचा चहा माझ्या उजव्या कडेवरून खाली झिरपला. ताई मागून फडकं घेऊन धावल्या. "असू दे हो, वहीच आहे," मफलर म्हणाले आणि ओल्या पानावर कोपर दाबून उतरवायला लागले.

उतरवून झाल्यावर, पुढे आणखी काही आहे का बघावं म्हणून त्यांनी पान उलटलं. ओली पानं एकमेकांना चिकटली होती. एकाऐवजी दोन पानं उलटली आणि समोर कोरं पान आलं. त्यांना शंका आली असावी, कारण त्यांनी कडेला नख लावून एकदा ओढलं.

मित्रांनो, त्या क्षणी मी सुटू शकले असते. जरा सैल सोडलं असतं तर काकांची कबुली त्यांच्या समोर आली असती. मी सोडलं नाही. त्यांचाच चहा, त्यांचीच साखर, आणि मी घट्ट मिटून बसले. आयुष्यात मी स्वतःच्या मनाने केलेलं हे एकच काम, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

रविवारी पुरवणीचं अर्धं पान भरलं होतं. मथळा होता, 'तीन ठोक्यांचं धाडस'. मफलरांनी सिनेमा दोनदा बघितला होता म्हणे, आणि दोन्ही वेळा त्या ठोक्यांनी त्यांच्या अंगावर काटा आला होता. लोक कान टवकारून थिएटरांत गेले. डॉक्टरीणबाई गेल्या, बसचालक बायकोला घेऊन गेले. कुणाला काही ऐकू आलं नाही. पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत दिग्दर्शकाचं चार ओळींचं पत्र आलं. आमच्या त्या प्रसंगात एकही आवाज नाही, लेखकमहाशयांनी कोणता सिनेमा बघितला ते कृपया कळवावं.

त्या दिवशी दुकान भरलेलं होतं. मफलर मुद्दाम आले होते, आपली बाजू सांगायला.

"ठोके आहेत," ते म्हणाले. "त्याला कान लागतात, आणि ते सगळ्यांना नसतात."

"मग तुमचे कान तपासून घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी पुढून तिसऱ्या रांगेत होते."

तेवढ्यात सूरकाका आत आले. त्यांना रेकॉर्डची सुई हवी होती. बोलणं कानावर पडलं तसे ते थांबले. "ते ठोके गॅरेजातले," ते म्हणाले. "मीच फसलो. पण दुसऱ्या दिवशी लिहिलंय की मी तसं. वहीतच आहे."

बसचालकांनी मला उघडलं. मंगळवारचं पान मिळालं. पुढे कोरं. त्यांनी पुन्हा उलटलं. कोरंच.

"इथं तर काही नाही, काका," ते हळूच म्हणाले.

मफलर हसले. "म्हणजे माझं उतरवलं, आणि आता पत्र आल्यावर शहाणपण."

काकांचा चेहरा उतरला. ज्या मिठीत मी चोराला पकडलं होतं, तीत माझाच माणूस अडकला होता. मला सुटायचं होतं, जिवाच्या आकांताने सुटायचं होतं, आणि आता वाळलेली साखर मला सुटू देईना.

ताईंनी मला हातात घेतलं. रेकॉर्डवरचा चिकटा रोज काढणारी बाई ती. तिने कडेवरून बोट फिरवलं आणि ते थांबलं. मग तिने किटली तापवली, मला वाफेवर धरलं आणि पातळ पातं आत सरकवलं. मला फार दुखलं. कागद टरकला, काही अक्षरं समोरच्या पानावर उलटी उमटून गेली. पण पान उघडलं, आणि ताईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. गॅरेज, सात ठोके, पाना, माझी चूक झाली. खाली वाकडा नादकाटा.

"हा चहा त्या गुरुवारचा," ताई म्हणाल्या. "यांनी सांडला, मी पुसला. छापून आलं रविवारी. मग चहाच्या आतलं कधीचं?"

उत्तर सगळ्यांना कळलं होतं. बसचालकांनी डोक्यावरची टोपी काढली. "काका, चुकलो मी. तुम्हांला नको ते बोललो."

काकांनी नुसती मान हलवली. मग ते मफलरांकडे वळले. मी वाट बघत होते, आता हा माणूस त्यांना चांगलंच फैलावर घेईल. पण त्यांचा आवाज चढलाच नाही.

"अहो, चूक माझी होती," ते म्हणाले. "निदान चूक तरी स्वतःची करायची होती तुम्ही."

मफलर निघून गेले. सदर बंद झालं. त्या जागी आता भाज्या ताज्या कशा ठेवाव्यात ते येतं.

माझी पानं पुढे वर्षभरात भरली आणि ताईंनी मला काचेच्या कपाटात ठेवलं. खिळ्याला नवी वही आहे. तिच्यात प्रत्येक मतापुढे तारीख असते, आणि फळीवर पाटी आहे, 'वहीवर कप ठेवू नये'. काका दर बुधवारी येतात.

मागच्या महिन्यात मफलरही आले. बराच वेळ दारात घुटमळले आणि मग नव्या वहीत दोन ओळी लिहून गेले. "सिनेमा मला कळला नाही. मध्यंतरानंतर झोप लागली." खाली त्यांनी कप काढला होता. नवी वही म्हणते, आजी, आता त्यांना माफ कर, ते स्वतःचं लिहायला लागले. ती लहान आहे. तिच्या अंगावर अजून कुणी काही सांडलेलं नाही.

मित्रांनो, वह्यांना जपा. आमच्यावर काही सांडू नका, थुंकीने पानं उलटू नका, आणि दुसऱ्याने लिहिलेलं आपलं म्हणून नेऊ नका. आम्हांला बोलता येत नाही, पण आम्ही विसरतही नाही. ताईंच्या वाफेने माझी ती दोन पानं सुटली खरी, तरी खालचा एक कोपरा अजून चिकटलेला आहे. ताईंनी तो तसाच ठेवला. मीही तो सोडलेला नाही.