उजवी पापणी

डॉक्टरांनी नम्रताला स्वतःचीच बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली. दोन गेली, तिसरं दातांवर अडलं. गेले दोन महिने असंच होतं. वरणभात कालवून, केळं कुस्करून ती दिवस काढत होती, शाळेत फळ्यावर लिहूनच शिकवत होती.

जबड्याच्या सांध्यातली कूर्चेची चकती पुढे सरकून अडकली आहे, डॉक्टरांनी समजावलं. आधी सांधा सलाइनने धुवायचा, मग आत वंगणासारखं इंजेक्शन द्यायचं. झोपेत दात आवळता का, असंही त्यांनी विचारलं. नम्रताने होकारार्थी मान हलवली. कधीपासून, ते सांगितलं नाही.

बाहेर बाकावर श्रीधर बसला होता. नवराच, पण मार्चपासून कात्रजला दुसऱ्या बाईबरोबर राहत होता. परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचे कागद त्याने तिच्यापुढे ठेवले, त्याच आठवड्यात तिचा जबडा अडकला. तेव्हापासून त्याचा फोन आला की 'बोलता येत नाही' एवढंच ती टाइप करून पाठवायची. आज घरी न्यायला कुणीतरी हवं म्हणून तो आला होता, आणि कागदही बरोबर होते.

कानापुढे भुलीची सुई गेली. मग आणखी दोन. दाब जाणवला, दुखलं नाही. कुणा परक्या माणसाच्या गालावर काम चाललंय, असं तिला वाटत राहिलं. अर्ध्या तासाने तिसरं बोट आत गेलं.

"आता बोलत राहा. जबडा हलता हवा," डॉक्टर म्हणाले. "भुलीमुळे उजवी पापणी दोनेक तास नीट मिटणार नाही. पाणी येईल. घाबरू नका."

ती बाहेर येऊन श्रीधरशेजारी बसली. उजव्या डोळ्यातलं पाणी ओघळत हनुवटीपर्यंत आलं; गालाला कळलंच नाही. श्रीधरला मात्र दिसलं. त्याने मांडीवरची फाइल बाजूला ठेवली आणि घाईने रुमाल काढला.

"नमू, रडू नकोस," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तू म्हणत असशील तर... मी येतो परत."

नम्रताने रुमाल घेतला नाही. आता तोंड उघडत होतं, पण ती गप्प राहिली असती तर तो परत आला असता.

"रडत नाहीये मी," ती जड ओठांनी म्हणाली. "भुलीने पापणी मिटत नाहीये. म्हणून पाणी येतंय."

"असं होय," श्रीधर म्हणाला. त्याचे खांदे सैल झाले. रुमालाची नीट घडी करून त्याने तो खिशात ठेवला.

नम्रताने ते सगळं पाहिलं. मग हात लांब करून फाइल स्वतःकडे ओढली आणि त्याच्याकडे पेन मागितलं.